दारू-टोप्यांची टंचाई आणि पिकाची राखण

भाताच्या लोंबींत दूध भरूं लागलें म्हणजे कोंकणांतील शेतकऱ्याची झोंप उडते. चार महिने चिखलांत राबून उभें केलेलें पीक रानडुकरांच्या कळपानें एका रात्रींत तुडवून सपाट करावें, आणि सकाळीं धन्यानें बांधावर उभें राहून तें मुकाट्यानें पाहावें, हा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर आला असेल. अशा वेळीं ज्याच्या माजघराच्या कोपऱ्यांत परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यास शेजारीपाजारी भाग्यवान समजतात. परंतु बंदूक आहे तर दारू नाहीं, दारू आहे तर टोपी नाहीं, आणि दोन्ही आहेत तर छर्रे नाहींत, अशी ज्याची स्थिति झाली आहे, त्याचें भाग्य केवढें तें त्याचें त्यालाच ठाऊक. अलीकडे कांहीं वर्षें आमच्या संस्थेच्या कचेरींत सभासद येतात ते बियाणें व खत यांच्या तक्रारींबरोबर ही तिसरी तक्रारही घेऊन येतात. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या भाद्रपदांत आमचे एक वयोवृद्ध सभासद कचेरींत आले. वडिलांच्या मागें रीतसर परवाना करून घेतलेली एकनळी बंदूक त्यांजपाशीं आहे. त्यांनीं खिशांतून कागदाची पुडी काढून टेबलावर उलगडली. आंत तीन टोप्या होत्या. "ह्या एवढ्याच उरल्या. भात घरांत येईपर्यंत पुरवायच्या कशा, तें तुम्हीच सांगा," असें ते म्हणाले. त्या वेळीं आमच्यापाशीं चांगलेंसें उत्तर नव्हतें. पुढें जें पाहिलें, विचारलें आणि करून पाहिलें, तें येथें देत आहों.

टंचाई कां पडते

ठासणीच्या बंदुकीस तीन जिन्नस लागतात : काळी दारू, टोपी आणि शिसाचे छर्रे. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचें मिश्रण. एके काळीं बिहारांतील सोरा पाटण्याहून गलबतें भरभरून युरोपांत जात असे, आणि तिकडील राष्ट्रांच्या तोफा आमच्या मातींतल्या क्षारावर चालत. त्याच देशांत आज पीक राखणाऱ्यास पावशेर दारूसाठीं जिल्ह्याच्या गांवाला दोन दोन खेपा घालाव्या लागतात, हा काळाचा महिमा आहे.

याचीं कारणें शोधूं गेल्यास फार गूढ नाहींत. दारू बनविणें, सांठविणें व विकणें या तिन्ही गोष्टींस निरनिराळे परवाने लागतात. गिऱ्हाईक थोडें, जोखीम मोठी, हिशोबाची वही रोज तपासणीस तयार ठेवावयाची; त्यामुळें तालुक्याच्या गांवचा जुना दुकानदार थकला म्हणजे त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यांत शिरतो आणि दुकान बंद होतें. जो राहतो तो काडतुसांच्या बंदुकीचा माल ठेवतो, कारण ठासणीच्या बंदुका दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांत निवडणुका आल्या म्हणजे बंदुका पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात. त्या परत मिळेपर्यंत घरांतील दारू ओल धरते. शिवाय परवान्यावर एका वेळीं किती व वर्षांत किती माल घ्यावयाचा याची मर्यादा लिहिलेली असते. ती योग्यच आहे. पण त्यामुळें माल मिळाला त्या वर्षीं पुढच्या वर्षाची बेगमी करतां येत नाहीं.

ज्यांजपाशीं काडतुसाची बारा बोअरची बंदूक आहे, त्यांची अडचण थोडी निराळी आहे. बारा बोअर म्हणजे नळीच्या व्यासाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतात, असा त्या नांवाचा अर्थ. या बंदुकीचीं काडतुसें आपल्याकडे खडकीच्या कारखान्यांत तयार होतात. हा कारखाना १८६९ सालचा असून १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्यूनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला आहे. सैन्याची गरज आधीं भागणार हें उघड आहे, आणि त्यांत कोणाही समंजस माणसानें खेद मानूं नये. मागें पितळी काडतुसें वापरीत तेव्हां जुने शिकारी रिकामी काडतुसें जपून ठेवीत आणि पुनः टोपी, दारू, डाट व छर्रे घालून तींच भरीत. अमेरिकेंत आजही हजारों लोक घरच्या घरीं काडतुसें भरतात. २०२० नंतर तेथेंही टोप्यांचा दुष्काळ पडला व दुकानांचीं फडताळें रिकामीं राहिलीं. परंतु त्यांचा कायदा निराळा, आपला निराळा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. तेव्हां "तिकडे करतात, मग आपण कां नाहीं?" असा विचार करून कोणी घरांत काडतुसें भरण्याचा उद्योग मांडूं नये.

असलेली दारू कशी टिकवावी

मिळत नाहीं तेव्हां असलेलें राखावें, हा पहिला धडा. कोंकणांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या हवेंत मीठ जसें पाझरतें तशी उघडी दारू ओल धरते. आमच्या पाहण्यांत असें आलें कीं, सभासदांची निम्मी टंचाई दुकानांत नसून घरच्या फडताळांत आहे. घेतलेली दारू एकाच मोठ्या डब्यांत ठेवून तो डबा दर वेळीं उघडला, म्हणजे दर वेळीं नवी ओलसर हवा आंत शिरते. त्यापेक्षां घट्ट झांकणाच्या लहान लहान डब्यांत ती विभागून ठेवावी व लागेल तेवढाच डबा उघडावा. जागा कोरडी असावी; पण कोरडी म्हणून चुलीवरची माळ कोणी निवडूं नये. चूल, दिवा, विजेचें बटण आणि मुलांचा हात या चारही गोष्टींपासून ती दूर, कुलुपांत असावी. टोप्या दारूच्या डब्यांत न ठेवतां निराळ्या ठेवाव्या.

भिजलेली दारू उन्हांत वा निखाऱ्याजवळ वाळवून पुनः वापरण्याचा मोह पुष्कळांस होतो. हा मोह घातक आहे, आणि निष्फळही आहे. पाण्यानें सोरा विरघळून वेगळा होतो. वाळल्यावर त्याचे खडे निराळे व कोळसा निराळा राहतो, आणि पूर्वीचें एकजीव मिश्रण होत नाहीं. अशी दारू फुसका बार देते आणि नळी मात्र घाण करते. ती परत दुकानदाराकडे द्यावी, अथवा तिचें काय करावें हें पोलीस ठाण्यास विचारावें.

एक बार एक काम

दुसरा धडा काटकसरीचा. बार फुकट जाण्याचीं मुख्य कारणें तीन आहेत.

पहिलें, अस्वच्छ बंदूक. काळी दारू जळल्यावर जी काजळी उरते ती हवेंतील पाणी शोषून घेते व लोखंड खाते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशीं नळी ऊन पाण्यानें धुवून, कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा हात द्यावा. पुनः भरण्यापूर्वीं तें तेल पुसून काढावें, नाहीं तर तेलानेंच दारू मरते. टोपी ज्या लहान पोकळ बोंडीवर बसते तिचें छिद्र बुजलेलें असलें, तर टोपी फुटते पण दारू पेटत नाहीं. जुने लोक छिद्र मोकळें करण्यासाठीं एक-दोन टोप्या नुसत्याच फोडीत. आजच्या टंचाईंत ती चैन परवडणारी नाहीं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून बारीक तारेनें छिद्र साफ करावें, म्हणजे टोपी वांचते.

दुसरें, अजमासानें भरणें. मुठीनें वा कागदावर ओतून दारू घालण्याची चाल सोडून द्यावी व बंदुकीस ठरलेलें एकच माप वापरावें. जास्त दारू घातली म्हणजे जास्त मार होतो, ही समजूत चुकीची आहे. जादा दारू नळींत पुरती जळत नाहीं, तोंडातून ठिणग्या होऊन बाहेर पडते, आणि धक्का मात्र खांद्यास व नळीस बसतो. गजावर दोन खुणा करून ठेवाव्या : एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज आंत सोडतांच बार भरलेला आहे कीं नाहीं हें कळतें, आणि एकावर दुसरा बार ठासण्याची भयंकर चूक टळते.

तिसरें, उतावीळ. अंधारांत पाला हालला कीं चाप ओढावयाचा, यानें बार जातो, आणि कधीं कधीं शेजाऱ्याची म्हैस वा राखणीस आलेला शेजारीही जातो. काय आहे हें दिसल्यावांचून बंदूक खांद्याला लावूं नये. बार उडाला नाहीं तर नळीचें तोंड निर्धोक दिशेस धरून निदान मिनिटभर थांबावें; दारू कधीं कधीं रेंगाळून पेटते. आणि भरलेली बंदूक कोपऱ्यांत आठ आठ दिवस उभी करूं नये. दारू त्यानें बिघडतेच; घरांतील पोराच्या हातीं ती लागली तर काय होईल, हें सांगावयास नको.

जें कदापि करूं नये

टंचाईंत माणसाची बुद्धि नाना वाटा शोधते. त्यांतील कांहीं वाटा थेट इस्पितळाकडे जातात. वर सांगितलेल्या वृद्ध सभासदांच्याच वाडींतील एका तरुण शेतकऱ्यानें दिवाळीचे फटाके सोलून त्यांतील भुकटी बंदुकींत ठासली. फटाक्यांच्या दारूंत निराळीं द्रव्यें असतात. तीं काळ्या दारूपेक्षां चपळ पेटतात व कांहींना नुसतें घर्षण पुरतें. पहिल्या बाराला नळी बोंडीजवळ फुटली. डाव्या हाताचीं दोन बोटें गेलीं, आणि तो हंगाम त्या घरानें शेतावर न घालवितां इस्पितळाच्या ओसरीवर घालविला. हें लिहितांना आम्हांस आनंद होत नाहीं. पण झाकून ठेवलें तर दुसऱ्या कोणाचीं बोटें जातील.

काड्यापेटीचा गूल, फटाक्यांची भुकटी, काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू, यांपैकीं कांहींही ठासणीच्या बंदुकींत घालूं नये. बिनधुराच्या दारूचा दाब सोसण्यासाठीं त्या जुन्या नळ्या घडविलेल्याच नाहींत. घरीं दारू कुटणें हा १८८४ च्या स्फोटक अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तें मरणाशीं खेळणेंच आहे. छर्र्यांच्या जागीं खिळ्यांचे तुकडे, खडे वा सायकलच्या पोलादी गोळ्या घालणारे आहेत. त्यांनीं नळी ओरखडते, जनावर मरत नाहीं, जखमी होऊन झुडपांत शिरतें, आणि सकाळीं गवत कापावयास गेलेल्या बाईवर उलटतें.

आणखी एक गोष्ट. खेड्यांत साखर, मीठ, बियाणें उसनें देण्याची चांगली चाल आहे. ती दारू-टोप्यांस लावूं नये. परवाना माणसाच्या नांवाचा असतो. भिडेनें दिलेली पांच टोप्यांची पुडी दोघांसही कोर्टाची पायरी दाखवील. तसेंच कणकेंत गुंडाळून ठेवावयाचे गांवठी बाँब आणि कुंपणाच्या तारेंत सोडलेला घरचा वीजप्रवाह, या दोन राक्षसी उपायांचा आम्ही निक्षून निषेध करतों. डुकराआधीं त्यांत गाय, कुत्रा आणि माणूस मरतो, असा दरसालचा अनुभव आहे.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

हें वाक्य प्रत्येक परवानेदारानें मनांत कोरून ठेवावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें रानडुक्कर हा अनुसूचींत घातलेला प्राणी आहे; २०२२ च्या दुरुस्तीनंतरही तो अनुसूचींत आहे. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या अशा जनावरास मारण्याची परवानगी त्या अधिनियमाच्या अकराव्या कलमाखालीं मिळूं शकते. पण ती आधीं लेखी घ्यावी लागते, आणि मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता होतें. केरळांत २०२२ सालीं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांस रानडुकरांबाबत हा अधिकार देण्यांत आला. आपल्याकडे असें कांहीं व्हावें कीं नाहीं यावर मतभेद असतील. पण तोंपर्यंत अर्ज, पंचनामा आणि नुकसानभरपाईची मागणी हीच आपली वाट. नुकसान दिसतांच त्याच दिवशीं वनखात्यास कळवावें. चार दिवसांनीं पाऊस पडून खुणा पुसल्या म्हणजे पंचनाम्यांत लिहावयास कांहीं उरत नाहीं.

बाराशिवाय राखण

आतां मुख्य प्रश्न. बारच नाहीं तर पीक कसें राखावें? बंदुकीचा खरा उपयोग शंभरांत नव्वद वेळां आवाजापुरता असतो, हें कोणीही अनुभवी राखणदार कबूल करील. मग तेवढ्या कामाला महागडी टोपी कशाला खर्चावी?

डुकराची नजर मंद असते, पण नाक व कान तिखट असतात. तें ठराविक वाटेनें येतें. सकाळीं खुरांचे माग पाहून त्या वाटा हेराव्या आणि तेथेंच माळा घालावा. डबे, फटाकी, गोफण, हाकारे व कुत्रीं हीं आपल्या आज्यापणज्यांचीं साधनें अजून निकामी झालेलीं नाहींत; मात्र रोज एकच आवाज एकाच जागेवरून केला, तर जनावर आठ दिवसांत त्यास ओळखतें आणि पुढें खुशाल चरतें. म्हणून आवाज, जागा व वेळ सतत बदलावी. दोन बार काढावयाचे असतील तर ते कळप प्रथम येतो त्या पहिल्या रात्रीं, हवेंत व निर्धोक दिशेस काढावे. चटक लागण्यापूर्वींचा एक बार चटक लागल्यानंतरच्या दहा बारांच्या बरोबरीचा असतो. डाट म्हणून चिंधी वा काथ्या घालणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, तो जळत बाहेर पडतो. दिवाळीच्या सुमारास वाळलेल्या गवताच्या व उडव्यांच्या बाजूस तोंड करून बार काढूं नये.

कायमचा उपाय मात्र कुंपणाचा. जांभ्या दगडाचा गडगा कमरेहून उंच असला आणि ढासळलेलीं खिंडारें मृगापूर्वीं बुजविलीं, तर कळप बहुधा दुसरी वाट धरतो. एकट्याच्या शेताला गडगा परवडत नाहीं. पण साऱ्या मळ्याला मिळून घातला तर लांबी निम्म्याहून कमी पडते. सौर कुंपण घेणारांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, त्याच्या यंत्रांतून प्रवाह क्षणभरच्या ठोक्यांनीं येतो. तो चटका देतो, जीव घेत नाहीं. पावसाळ्यांत तारेला गवत टेकलें म्हणजे मात्र तो जमिनींत जिरतो, म्हणून दर आठवड्यास तारेखालचें गवत कापलेंच पाहिजे.

संस्थेनें काय करावें

सभासदांनीं मिळून दारू सांठवितां येत नाहीं. परंतु मिळून मागणी करतां येते. प्रत्येक परवानेदारानें आपल्या परवान्यावरील मर्यादा व यंदाची गरज वैशाखापूर्वीं संस्थेस कळवावी. संस्थेनें ती एकत्र यादी परवानेदार विक्रेत्यास दिली, तर इतका माल निश्चित खपेल या भरंवशानें तो मागवूं शकतो. खरेदी मात्र ज्याची त्यानें आपल्या परवान्यावर करावी. तशीच निवडणुकीच्या काळांत पीकसंरक्षणाच्या बंदुकांचा निराळा विचार व्हावा, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे एकेकट्यानें न जातां संस्थेमार्फत अर्ज करावा. आणखी एक तरतूद पुष्कळांस ठाऊक नसते. १९५९ च्या अधिनियमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. परंतु ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देतां येते. ज्यांस दारू-टोप्या मिळणें अशक्यच झालें आहे, त्यांनीं या तरतुदीखालीं अर्ज करून पाहण्यास हरकत नाहीं.

शेवटीं त्या तीन टोप्यांचें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. त्या वाडींतील नऊ घरांनीं गडग्याचीं खिंडारें बुजविलीं, दोन माळे घातले आणि रात्रीच्या पाळ्या लाविल्या. बोटें गेलेल्या तरुणाच्या पाळीस त्याचा धाकटा भाऊ जाई. वृद्ध गृहस्थांनीं एक टोपी कळप प्रथम आला त्या रात्रीं वापरली. कार्तिकांत ते पुनः कचेरींत आले तेव्हां तीच कागदाची पुडी त्यांच्या खिशांत होती. आंत दोन टोप्या शिल्लक होत्या, आणि भात घरांत आलें होतें. वरच्या बांधाकडील दोन कुणगे गेले ते गेलेच. पण नऊ घरांत मिळून तेवढेंच गेलें. यंदा त्यांनीं आपली मागणी वैशाखाच्या आधींच आमच्याकडे लिहून दिली आहे. इतर सभासदांनींही तसें करावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.